साखरबाईंचा द्राक्षमळा

सुजीत तांडेल आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि तेही 'बोलले' म्हणणं त्यांच्यावर अन्याय करण्यासारखं आहे. त्यांनी दिलेली सगळी उत्तरं खरी होती. समोरच्याने प्रश्नच भलत्या गोष्टीबद्दल विचारले, त्याला बिचारे सुजीतराव काय करणार?

तारापूर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात सुजीतराव सत्तावीस वर्षं स्टोअरकीपर आहेत. स्टोअरमधून एक वायसर बाहेर गेला तरी सही घेतल्याशिवाय जात नाही. एकदा खुद्द मॅनेजरांनी पान बांधायला दोरा मागितला, तर त्यांच्याकडूनही पावती भरून घेतली होती. असा माणूस. जन्म सातपाटीचा, बिऱ्हाड बोईसरला दुसऱ्या मजल्यावर, आणि एकुलती एक लेक हेमाली आर्मेनियात, येरेवानला डॉक्टरकी शिकायला. लेकीला भेटायला म्हणून दिवाळीनंतर सुजीतराव आणि भावनाताई तिकडे गेले, आणि रामायण तिथे सुरू झालं.

निघताना सातपाटीला आईच्या पाया पडायला गेले होते. साखरबाईंनी लेकाचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि शपथ घ्यायला लावली, की परमुलखात थेंबालाही शिवणार नाही. त्याला कारण होतं. सुजीतरावांचे वडील हयात असताना दर शनिवारी संध्याकाळी मच्छीमार सोसायटीच्या मीटिंगला जायचे आणि तोंडात चार लवंगा चघळत परत यायचे. सोसायटीची मीटिंग वर्षातून दोनदा असते हे साखरबाईंना माहीत होतं, पण त्या कधी बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त लवंगांचा डबा माळ्यावर टाकला. सुजीतरावांनी शपथ घेतली आणि मनापासून घेतली.

आता हेमाली ज्या अनाहितबाईंकडे भाड्याने राहते, त्यांचा भाऊ रूबेन हा पर्यटकांना द्राक्षमळे आणि दारूची तळघरं दाखवणारा गाईड असावा, हा सुजीतरावांचा दोष नव्हे. त्याने हेमालीच्या आईवडिलांना आग्रहाने आपल्या दौऱ्यात सामील करून घेतलं. हेमालीला वॉर्डात ड्यूटी होती, म्हणून हे दोघेच अनाहितबाईंबरोबर गेले. रूबेन म्हणजे उंचापुरा, झुपकेदार मिशांचा गडी. त्याने जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण दाखवले. आमच्याकडे सहा हजार वर्षं वाइन करतात म्हणाला. द्राक्ष तोंडात टाकलं की आधी माती लागली पाहिजे, मग पाऊस, मग माणसं, असंही म्हणाला. सुजीतरावांनी खिशातल्या डायरीत सगळं टिपून घेतलं. हातात डाळिंबाच्या रसाचा पेला होता.

मग जेवणाचं टेबल आलं. तिकडची रीत अशी, की टेबलावरचा एक वडीलधारा उठतो, कुणाच्या तरी नावाने चार शब्द बोलतो, आणि मग सगळ्यांनी पेला रिकामा करायचा. पहिला पेला मातीच्या नावाने. सुजीतरावांनी डाळिंबाचा रस उचलला, तसा रूबेनचा चेहरा पडला. घरच्या पूर्वजांनी लावलेल्या वेलीला नाही म्हणणं म्हणजे पूर्वजांना दारातून परत पाठवणं, असं त्याने समजावून सांगितलं. पूर्वजांचा अपमान नको म्हणून सुजीतरावांनी एक घेतला. दुसरा आयांच्या नावाने होता, त्याला नाही कसं म्हणणार? तिसरा गेलेल्या माणसांच्या नावाने, तिथे तर वडील आठवले. सातवा कुणाच्या नावाने होता हे सुजीतरावांना आठवत नाही. भावनाताईंना मोजदाद आठवते, कारण त्या रस पीत होत्या.

मग सगळे मळ्यात गेले. तोड होऊन गेली होती, पानं गळाली होती. उघडेबोडके खांब आणि खांबांना बांधलेल्या तारा, रांगेमागून रांग, पार डोंगरापर्यंत. ते बघून सुजीतरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सातपाटीच्या वाळूवर बोंबील वाळवायला बांबू रोवून दोऱ्या बांधतात, अगदी तस्संच. आश्विनात बोंबील यायच्या आधी त्या दोऱ्या अशाच रिकाम्या दिसतात. ते गहिवरून म्हणाले, "माझ्या आईकडेही हेच आहे."

रूबेन हरखला. त्याने विचारलं, किती रांगा? बारा, सुजीतराव म्हणाले. कुठे? समुद्राला इतक्या लागून की अमावस्येच्या भरतीला शेवटचा खांब भिजतो. उन्हात वाळवता? तीन दिवस, आलटूनपालटून. काम कोण करतं? सगळं बायकाच, पुरुष फक्त आणून टाकतात. किती वर्षांपासून? पणजोबांपासून तरी नक्की. आणि सुगंध? सुजीतराव अभिमानाने म्हणाले की वारा असेल तर पालघर स्टेशनपर्यंत.

बघा, यात एक अक्षर खोटं असेल तर सांगा. पण रूबेनने पेला उंच धरून 'मिस्टर सुजीत यांच्या मातोश्रींच्या समुद्रकाठच्या द्राक्षमळ्यासाठी' असं म्हटलं, तेव्हा कुठे सुजीतरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. भावनाताईंनी कोपराने ढोसलं, की सांगा त्याला. पण अनाहितबाई पदर नसल्यामुळे रुमालाने डोळे टिपत होत्या, बारा परदेशी पर्यटक टाळ्या वाजवत होते, आणि सुजीतरावांच्या कौतुकाने आजवर कुणी टाळी वाजवली नव्हती. उद्या सांगतो म्हणाले. उद्या विमान होतं.

परत आल्यावर सातपाटीला गेले, तेव्हा साखरबाईंनी पहिला प्रश्न विचारला आणि सुजीतरावांनी उत्तर दिलं, "डाळिंबाचा रस प्यायलो." हेही खरंच होतं. फक्त ते अर्धं होतं.

फेब्रुवारीत हेमालीचा फोन आला. रूबेनकाका मुंबईला पर्यटनाच्या प्रदर्शनाला निघालेत, रविवारी मोकळे आहेत, आणि आजीचा द्राक्षमळा बघितल्याशिवाय परत येणार नाहीत म्हणतायत. हा कुठला द्राक्षमळा, बाबा? सुजीतरावांनी खरं काय ते सांगितलं. 

"बाबा, अनाहितमावशी सगळ्या बिल्डिंगमध्ये सांगते, हेमालीचे वडील म्हणजे सोन्यासारखा माणूस," हेमाली म्हणाली. "मला अजून दीड वर्ष याच घरात काढायचंय. काय करायचं ते करा, पण मला इथे तोंड दाखवायला जागा ठेवा."

सुजीतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. माणसाची बुद्धी चालेनाशी झाली की तो शेजाऱ्याकडे जातो, आणि शेजारी होते प्रदीप संखे. हे निवृत्त गृहस्थ एकदा नाशिकला लग्नाला गेले असताना रस्त्यात बसमधून द्राक्षबागा बघून आले होते, त्यामुळे या विषयात बिल्डिंगमध्ये त्यांच्याइतका जाणकार दुसरा नव्हता. संखेंनी आधी सगळी हकीकत दोनदा ऐकली, दुसऱ्यांदा फक्त मजा म्हणून. मग म्हणाले, यात घाबरण्यासारखं काय आहे? खांब आहेत, दोऱ्या आहेत, समुद्र आहे, आई आहे. कमी आहेत ती फक्त द्राक्षं. ती बाजारात मिळतात.

तर बेत असा ठरला. बोईसरच्या बाजारातून दोन पेट्या काळी द्राक्षं आणायची. साखरबाईंच्या पहिल्या दोन दोऱ्यांवर घड बांधायचे. पाहुण्याला लांबून दाखवायचं, फोटो काढायचा आणि ऊन फार आहे म्हणून जेवायला न्यायचं. वेल कुठेत म्हणून विचारलं तर? संखे म्हणाले, खाऱ्या हवेत वेल जमिनीखालून जातात असं सांगू. भावनाताईंनी हे ऐकून फक्त एवढंच विचारलं, की संखेभाऊ, तुम्ही नोकरीत असताना कुठल्या खात्यात होतात? संखेंनी विषय बदलला.

पण द्राक्षं टांगणं हे काय सोपं काम आहे होय? बोंबील वाळवायची जागा मच्छीमार सोसायटीची. गेल्या वर्षी कुण्या क्लासवाल्याने दोऱ्यांवर आपल्या जाहिरातीची कापडं लावली होती, तेव्हापासून मासळीशिवाय काहीही टांगायचं तर लेखी अर्ज. सोसायटीचा क्लार्क दर्पण हा मुलगा सुजीतरावांच्या वर्गमित्राचा, 'काका, बसा' म्हणाला, चहा सांगितला, आणि छापील फॉर्म पुढे केला. फॉर्म एकच होता आणि तो मासळीचा होता.

सुजीतराव फॉर्मकडे बघत राहिले. मासळीचा प्रकार. बोटीचा नंबर. जाळ्याचा प्रकार. आता द्राक्षं कुठल्या जाळ्यात सापडली लिहायची? दर्पणने सुचवलं की रकाना रिकामा ठेवला तर संचालक मंडळापुढे जाईल, मंडळ चैत्रात बसतं. सत्तावीस वर्षांत ज्या माणसाने एक रकाना चुकीचा भरला नाही, त्याने लिहिलं. प्रकार, इतर. जाळं, डोल. दर्पणने वाचून मान डोलावली आणि काळजीच्या सुरात विचारलं, "काका, बर्फ लागेल का?"

उरली आई. आईला काय सांगायचं? सुजीतरावांनी सांगितलं की हेमालीसाठी घरच्या मनुका करायच्यात, शनिवारी रात्रभर द्राक्षं दोरीवर राहू देत, आणि रविवारी आर्मेनियाचा एक पाहुणा समुद्र बघायला येणार आहे. साखरबाईंनी पेट्यांकडे बघितलं, लेकाकडे बघितलं. शेजारच्या मंजुळाबाईंना म्हणाल्या की याच्या डोक्यात कारखान्यातला वास गेलेला दिसतो. पण नातीचं नाव काढल्यावर नाही कशा म्हणतील? बारा रांगांपैकी दोन त्यांनी मोकळ्या करून दिल्या. सुजीतराव समाधानाने बोईसरला जाऊन झोपले.

रविवारी सकाळी पालघरच्या नाक्यावर रूबेन गाडीतून उतरला आणि त्याने भर चौकात सुजीतरावांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. रिक्षावाले बघत राहिले. हातात लाकडी खोकं होतं, त्यात काय आहे हे विचारायची सुजीतरावांची छाती झाली नाही. सातपाटीसाठी ठरवलेल्या गाडीत संखे विशेष सल्लागार म्हणून आधीच पुढच्या सीटवर बसले होते. शिरगाव मागे पडलं आणि वाऱ्याबरोबर ओळखीचा वास आत आला. भावनाताईंनी काच वर करायला हात घातला, पण रूबेनने त्यांना थांबवलं, डोळे मिटून छाती भरून श्वास घेतला आणि मिशीतल्या मिशीत हसला. सुजीतरावांना वाटलं, जमलं.

किनाऱ्यावर बारा रांगा झगझगत होत्या. दहा रांगांवर बोंबील, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने लटकवलेले. आणि पहिल्या दोन रांगांवर काळी द्राक्षं, तीही जोडीजोडीने, जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने गाठी मारून, एका मापाच्या अंतरावर. साखरबाईंनी आणि मंजुळाबाईंनी पहाटे येऊन ती नीट लावली होती. गंमत म्हणजे एकाही कावळ्याने द्राक्षाला चोच लावलेली नव्हती. सुजीतरावांना तेव्हाच शंका यायला हवी होती.

संखेंनी घसा साफ केला आणि वेल जमिनीखालून कसे जातात ते सांगायला सुरुवात केली. पण रूबेन लांबून बघणाऱ्यातला नव्हता. तो सरळ दोरीपाशी गेला, एक द्राक्ष तोडलं, उन्हात धरून बघितलं आणि तोंडात टाकलं.

आता पहाटे काय घडलं होतं ते सांगितलं पाहिजे. साखरबाईंनी साठ वर्षं वाळवण घातलंय. फेब्रुवारीचं दव, खारा वारा, आणि असली रसाळ पाणीदार वस्तू. तशीच टांगली तर दुपारपर्यंत नासणार, हे त्यांना बोट लावल्याबरोबर कळलं. मग पाणीदार मासळीचं जे करतात ते त्यांनी केलं. मिठाच्या पाण्याचं पिंप होतंच. त्यात सगळे घड दोन तास बुडवून ठेवले. पिंपात आदल्या दिवशी मांदेली होती.

रूबेन चावत राहिला. धंद्यातला माणूस, त्याने थुंकलं नाही. त्याच्या भुवया वर गेल्या, खाली आल्या, मग एकच वर गेली. डोळ्यांत पाणी आलं. संखे हळूच म्हणाले की खनिजं, खनिजं आहेत त्यात. रूबेनने गिळलं.

"मिस्टर सुजीत," तो म्हणाला, "आधी समुद्र लागला. मग मीठ. मग मासा. द्राक्ष सगळ्यात शेवटी लागलं, तेही घाबरत घाबरत."

 हेमालीचा चेहरा सुजीतरावांच्या डोळ्यांपुढे आला. अजून एक थाप मारता आली असती, संखे डोळ्यांनी सुचवतही होते. पण अर्जातला तो 'डोल' आठवला, आणि सुजीतरावांना स्वतःचीच इतकी लाज वाटली की ते भडाभडा बोलत सुटले. मळा नाही, वेल नाही, द्राक्षं बोईसरच्या बाजारातली. हे मासे वाळवायचे बांबू आहेत, माझी आई मासळी वाळवते. तुमच्या रिकाम्या तारा बघून मला घर आठवलं, आणि मग मला टाळ्या आवडल्या. चूक माझी आहे, माझ्या मुलीचा यात काही हात नाही, तिला बोल लावू नका.

रूबेनने मिशीवरून हात फिरवला.

"तुम्ही म्हणालात वास पार स्टेशनपर्यंत जातो. टाळ्या थांबल्यावर विचार केला, तेव्हाच मी ओळखलं की ही द्राक्षं नाहीत," तो म्हणाला. "द्राक्षं माझ्याकडे पुष्कळ आहेत. पंधरा वर्षं मी लोकांना तो मळा दाखवतोय. बिनपानाच्या तारा बघून आजपर्यंत फक्त एक माणूस रडला. तो कशासाठी रडला ते बघायला आलो."

 भावनाताईंनी सुस्कारा सोडला आणि तिथल्या तिथे हेमालीला व्हिडिओ कॉल लावला. रूबेनने फोनमध्ये तोंड घालून तिकडच्या भाषेत काहीतरी सांगितलं, आणि हेमाली जी हसायला लागली ती थांबेचना. त्या हसण्याने सुजीतरावांच्या डोक्यावरचं मणभर ओझं उतरलं. इथे ही गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण ते लाकडी खोकं राहिलं होतं ना.

रूबेनने ते उघडलं. आत बाटली आणि छोटे पेले. त्याने एक पेला भरला आणि दोन्ही हातांनी, दोरीपाशी उभ्या असलेल्या साखरबाईंपुढे धरून लांबलचक भाषण केलं. तुमच्या नावाने तुमच्या मुलाने माझ्या टेबलावर पेला रिकामा केला होता, आता तो मान मला इथे फेडू द्या, असा एकूण मजकूर. साखरबाईंनी पेल्याचा वास घेतला, पेला धरला तो तसाच धरला आणि लेकाला विचारलं, "काय म्हणतो हा?"

"म्हणतो, हवा छान आहे."

रूबेन अजून बरंच बोलला. सुजीतराव म्हणाले, समुद्रही छान आहे म्हणतो. भावनाताईंना खोकल्याची उबळ आली. साखरबाईंनी साठ वर्षं गिऱ्हाइकाचं तोंड बघून भाव सांगितला होता, त्यांना दुभाष्याची काय गरज? त्यांनी पेल्याकडे बोट केलं, मग लेकाकडे केलं, आणि किती म्हणून पंजा हलवला.

रूबेनला आनंद झाला. त्याने अभिमानाने पाच बोटं दाखवली. मग आठवून, अन्याय नको म्हणून, दुसऱ्या हाताची दोन वर केली.

वाळवणावरच्या सगळ्या बाया हातातले बोंबील तसेच धरून थांबल्या. संखे समुद्र बघायला निघून गेले. सुजीतराव पन्नाशीच्या पुढचे, तरी त्यांनी खाली मान घातली आणि चपलेने वाळू उकरायला लागले.

"सात," साखरबाई म्हणाल्या. "तुजा बापपन असाच. शनवारी लवंगा खाऊन येयाचा. मी कवा भांडली काय त्येच्याशी?"

"नाही, आई."

"भांडली नाय. मला राग होता तो पिन्याचा नव्हता. आख्खा जन्म एका घरात काढला, पन एक दिवस तरी त्यानं मला इचारलं काय, की साखर, तू घेतं काय?"

वाऱ्यावर दोऱ्या करकरत होत्या.  तिकडच्या टेबलावर आयांच्या नावाने दुसरा पेला उचलला तेव्हा सुजीतरावांनी आईबद्दल केवढं भाषण ठोकलं होतं, आणि आईला मात्र डाळिंबाचा रस सांगितला होता. ते पुढे झाले, पेल्याला हात लावला आणि हळू आवाजात म्हणाले, "आई, तू घेतेस का?"

साखरबाईंनी आधी चार थेंब वाळूत सांडले, गेलेल्या माणसाच्या नावाने. ते बघून रूबेनने टोपी काढली, त्याच्याकडेही तशीच रीत होती. मग त्यांनी पदर सावरला, पेला तोंडाला लावला आणि सगळ्या बंदराच्या देखत एका दमात रिकामा केला. डोळे मिटले. जीभ टाळूवर फिरवली. रूबेन दम धरून उभा होता, सहा हजार वर्षं त्या जिभेच्या निकालावर लटकली होती.

"याला सांग," साखरबाई म्हणाल्या, "मीठ कमी हाय."

आणि सुजीतरावांनी, इकडचा शब्द तिकडे न करता, जसंच्या तसं सांगितलं.